जपानला शिकायला जाताय? आधी पत्ता, मग नंबर, मग बँक: फोन मार्गी लावायचा योग्य क्रम

डोंबिवलीत राहताना आपली निम्मी ओळख एका दहा आकडी नंबरात असते. बँक, आधार, डिजिलॉकर, लोकलचा पास, फडके रोडवरच्या वडापावचे पैसे, सगळं एकतर त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीवर चालतं, नाहीतर त्या सिमवर चालणाऱ्या यूपीआयवर. पत्ता कोणी फारसा विचारत नाही. विचारलाच तर 'स्टेशनच्या पूर्वेला, अमक्या हॉस्पिटलच्या मागे' एवढ्यावर भागतं.

जपानमध्ये हे बरोबर उलट आहे. इथे आधी पत्ता, मग तो पत्ता लिहिलेलं कार्ड, मग त्या कार्डावरचं नाव आणि सगळ्यात शेवटी फोन नंबर. नंबर घ्यायला जावं तर दुकानदार बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड मागतो. खातं उघडायला जावं तर बँक जपानी नंबर मागते. आणि दोघांनाही कार्डाच्या मागे लिहिलेला पत्ता हवा असतो. हे चक्र कुठून फोडायचं ते माहीत असेल तर दोन आठवड्यांत सगळं लागी लागतं. नसेल तर दोन महिने जातात, आणि तेवढा वेळ घरून आलेले पैसे किंवा पार्टटाइमचा पगार घ्यायला खातंच नसतं.

मी सध्या टोकियोत शिकतोय. ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथकडून निघणाऱ्या मुलामुलींचे मेसेज येतात तेव्हा प्रश्न साधारण सारखेच असतात: कुठला फोन न्यायचा, कुठलं सिम घ्यायचं, यूपीआय चालेल का? म्हणून सगळं एकदाच, क्रमाने लिहितोय.

निघण्याआधी: भारतातला नंबर जिवंत ठेवा

हे काम सगळ्यात आधी, कारण तिकडे गेल्यावर ते करणं फार अवघड होतं. तुमचं शैक्षणिक कर्ज, नेट बँकिंग, इन्कम टॅक्स पोर्टल, आधार हे सगळं भारतीय नंबरला बांधलेलं आहे. आधारला +८१चा जपानी नंबर जोडता येत नाही. यूपीआयसाठी एनपीसीआयने २०२३ मध्ये १० देशांतल्या नंबरांना परवानगी दिली. त्यात सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन, यूएई वगैरे होते, जपान नव्हता. म्हणजे जपानी नंबरवर आपला यूपीआय सुरू होईल ही आशा धरून निघू नका.

काय करायचं?

* भारतीय नंबर ई-सिमवर घ्या. फोन ई-सिमचा असेल तर जिओ, एअरटेल, व्हीआय तिघांकडेही सोय आहे. त्यामुळे सिमचा स्लॉट जपानी सिमसाठी मोकळा राहतो. हे घरी असतानाच करा, कारण या बदलाची खात्री करणारे मेसेज त्याच नंबरवर येतात.
* आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, पण डेटा रोमिंग बंद ठेवा. आपल्याला फक्त ओटीपीचे एसएमएस हवे आहेत. तुमच्या प्लॅनमध्ये परदेशात येणाऱ्या एसएमएसना पैसे पडतात का, ते कंपनीच्या ॲपमध्ये पाहून घ्या. आलेला कॉल मात्र उचलू नका, तो महाग पडतो. घरच्यांना व्हॉट्सॲपवरच कॉल करायला सांगा.
* रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर बंद होऊ शकतो. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते. शिवाय २०२५ पासून कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यावे लागतात. आपल्यासाठी तेच बरे.
* जीमेल, इन्स्टाग्राम वगैरेचं टू-स्टेप एसएमएसवरून काढून ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या. बॅकअप कोड कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.

आता एक सवय, जी आपल्याकडे घरोघरी दिसते. सिम आईकडे ठेवून जायचं आणि ओटीपी आला की तिने व्हॉट्सॲपवर कळवायचा. सोपं वाटतं, पण यात दोन अडचणी आहेत. पहिली वेळेची. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुमचं कॉलेज सकाळी नऊला सुरू होतं तेव्हा डोंबिवलीत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, आणि ओटीपी काही मिनिटांत संपतो. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. आईला फोनवर ओटीपी वाचून दाखवायची सवय लागली की 'काकू, तुमच्या मुलाचं खातं जपानमध्ये अडकलंय, आलेला नंबर सांगा' असा फोन आल्यावर ती तोही सांगून बसेल. मुलगा परदेशात असलेल्या घरांना असे फोन येतात. तेव्हा नंबर स्वतःच्याच फोनमध्ये ठेवा आणि घरी ठणकावून सांगा की मी ओटीपी कधीच मागणार नाही.

बँकेत एक चक्कर मारा. शिकायला परदेशी गेलेला माणूस फेमा कायद्याने अनिवासी धरला जातो आणि त्याचं साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलावं लागतं. त्याच फेरीत डेबिट कार्डावर परदेशातला वापर सुरू करून घ्या.

कुठला फोन न्यायचा?

नवा घेण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, 'गितेकी' चिन्ह. जपानच्या रेडिओ कायद्यानुसार तिथे वापरायच्या वायरलेस उपकरणावर ही मान्यतेची खूण लागते. बाहेरून येणाऱ्याने आणलेल्या फोनचं वाय-फाय आणि ब्लूटूथ पहिले ९० दिवस सवलतीत चालतं. वर्षानुवर्षं राहणाऱ्याला खूण असलेला फोनच हवा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, मग लीगल अँड रेग्युलेटरी इथे ती दिसते. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ती नसते.

दुसरी, फेलिका. सोनीने बनवलेलं हे तंत्र म्हणजे एनएफसीचाच एक प्रकार. जपानमधली रेल्वेकार्डं आणि 'ओसाइफू-केताई', म्हणजे मोबाईल पाकीट, यावरच चालतं. आयफोन ८ पासूनचे सगळे आयफोन, कुठल्याही देशात घेतलेले, फेलिका वापरू शकतात. अँड्रॉइडचं तसं नाही. जपानबाहेर विकलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत, एनएफसी असलं तरी, रेल्वेकार्ड चढत नाही.

तिसरी, नेटवर्क. जपानच्या कंपन्यांनी थ्रीजी गुंडाळलंय, त्यामुळे व्हीओएलटीई नसेल तर कॉलच लागणार नाही. फोन ज्या कंपनीच्या सिमवर वापरायचा, तिच्या साइटवर त्या मॉडेलचं नाव शोधा.

यातून एक साधा निष्कर्ष निघतो. ठाण्यात पन्नास-साठ हजारांचा नवा अँड्रॉइड घेऊन निघण्यापेक्षा आहे तो फोन न्या आणि तिकडे सेकंडहँड दुकानातून जपानी बाजाराचा फोन घ्या. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे फोनला सिमलॉक लावणं तत्त्वतः बंद झालंय, त्यामुळे नंतरच्या मॉडेलांत कंपनीची अडचण सहसा येत नाही.

विमानतळावर: दोन कागद

व्हिसाआधी लागणारं पात्रता प्रमाणपत्र मार्च २०२३ पासून ईमेलवरही मिळतं. त्याची प्रिंट जवळ ठेवा आणि फोनमध्ये ऑफलाइनही. इमिग्रेशन आणि कस्टमसाठी 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी साइटवर आधीच माहिती भरली की क्यूआर तयार होतो.

नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर तुम्हाला तिथेच झाइर्यू कार्ड म्हणजे रहिवासी कार्ड मिळतं. हे कार्ड कायम जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. फोनमधला फोटो चालत नाही.

तिथेच दुसरा कागद मागून घ्या: पार्टटाइम कामाच्या परवानगीचा अर्ज. पहिल्यांदा प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्याला ही परवानगी विमानतळावरच मिळू शकते आणि तिचा शिक्का कार्डाच्या मागे बसतो. तिथे राहून गेलं तर नंतर इमिग्रेशन ऑफिसच्या रांगेत उभं राहावं लागतं.

पहिले १४ दिवस: पत्ता

राहायची जागा ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसमध्ये पत्ता नोंदवायचा. टोकियोत त्याला 'कुयाकुशो' म्हणतात. आपल्या केडीएमसीच्या प्रभाग कार्यालयासारखंच समजा, फक्त टोकन घेऊन बसायचं आणि नंबर लागला की उठायचं. तिथला माणूस तुमच्या कार्डाच्या मागे पत्ता छापून देतो. ही एक ओळ सगळ्या पुढच्या कामांची किल्ली आहे. ई-केवायसीत फोनने कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढावे लागतात. मागची बाजू कोरी असेल तर अर्ज परत येतो.

जपानी पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो: प्रांत, शहर किंवा वॉर्ड, भाग, मग तीन आकडे, इमारतीचं नाव आणि खोली. बहुतेक ठिकाणी रस्त्यांना नावं नाहीत. पत्ता जपानी लिपीत नोट्समध्ये सेव्ह करा, रोज कुठेतरी पेस्ट करावा लागेल. आणि टपालपेटीवर आपलं नाव चिकटवा. बँकेचं कार्ड टपालाने येतं आणि त्या पत्त्यावर तुम्ही राहता असं पोस्टमनला दिसलं नाही तर ते परत जातं.

त्याच दिवशी, त्याच इमारतीत आणखी तीन कामं होतात:

* राष्ट्रीय आरोग्य विमा. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला सक्तीचा. डॉक्टरच्या बिलातले ३० टक्के तुम्ही भरायचे. आधीच्या वर्षी जपानमध्ये उत्पन्न नसेल तर हप्ता कमी बसतो.
* पेन्शन. वीस वर्षं पूर्ण असतील तर नाव नोंदवावंच लागतं. २०२५-२६ या वर्षात महिन्याचा हप्ता १७,५१० येन होता. विद्यार्थ्यांसाठी तो पुढे ढकलण्याचा अर्ज असतो. तो मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मागा.
* माय नंबर. पत्ता नोंदवला की काही आठवड्यांत टपालाने १२ आकडी नंबर येतो.

आपलं आधारही १२ आकडी, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण आधार मोबाईल आणि बोटांच्या ठशांवर चालतं, तर माय नंबर कार्डात चिप असते आणि चार आकडी पिन असतो. तो पिन तीनदा चुकला की कार्ड लॉक होतं आणि 'फरगॉट पासवर्ड'चं बटण नसतं, पुन्हा वॉर्ड ऑफिस गाठावं लागतं. डिसेंबर २०२४ पासून जुनी विमा कार्डं देणं बंद झालंय. दवाखान्यात हेच कार्ड लावतात. ज्यांनी ते काढलेलं नाही त्यांना वेगळं पत्र मिळतं. लक्षात ठेवा, परदेशी माणसाचं माय नंबर कार्ड व्हिसाच्या मुदतीबरोबर संपतं. व्हिसा वाढला म्हणून कार्ड आपोआप वाढत नाही.

नाव: कुलकर्णींचं 'कुरुकारुनी' कसं होतं?

हे वाचून हसू येईल, पण सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात.

जपानी बँका आणि मोबाईल कंपन्यांना नाव काताकाना लिपीत लागतं. त्या लिपीत ल आणि र वेगळे नाहीत, ळ आणि ण नाहीत आणि 'न' सोडला तर एकटं व्यंजन लिहिता येत नाही. त्यामुळे पाटीलचं 'पातिरु' होतं आणि कुलकर्णीचं 'कुरुकारुनी'. जोशींचं तसंच राहतं. पण जपानीत 'जोशी' म्हणजे मुली आणि 'काने' म्हणजे पैसे. तेव्हा जोशी आणि काणे मंडळींनी पहिल्या दिवशी वर्गात हशा पिकला तर दचकू नये.

त्यात आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव असतं. झाइर्यू कार्डावर पासपोर्टप्रमाणेच सगळं उतरतं: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. जपानी फॉर्मला मात्र दोनच रकाने असतात, आडनाव आणि नाव. तेव्हा:

* पहिल्याच दिवशी काताकानातलं एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. एका ठिकाणी 'सुरेशु' आणि दुसरीकडे 'सुरेश्शु' असं झालं तर मशीनच्या दृष्टीने ती दोन माणसं.
* वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात, स्वतःच्या नावाला जोडून लिहा. गाळू नका.
* ऑनलाइन फॉर्म लाल झाला तर कीबोर्डवरची 'फुल-विड्थ' आणि 'हाफ-विड्थ' अक्षरं तपासा. जपानी कीबोर्डमध्ये एकच अक्षर दोन रुंदींत येतं आणि फॉर्मला त्यातली एकच चालते. अर्धे 'एरर' इथेच सुटतात.

जी-बोर्डमध्ये जपानी भाषा निघण्याआधीच जोडून ठेवा, 'रोमाजी' पद्धतीची. गूगल ट्रान्सलेटचा जपानी पॅकही ऑफलाइन उतरवून घ्या. विमानतळावरच्या पहिल्या फॉर्मपासून कॅमेऱ्याचं भाषांतर उपयोगी पडतं.

आता नंबर

पत्ता झाला की चक्र इथून फोडायचं. जपानी मोबाईल नंबर ०७०, ०८० किंवा ०९० ने सुरू होतो आणि ११ आकडी असतो. स्वस्त 'फक्त डेटा' सिम घेण्याच्या मोहात पडू नका. त्यावर असा नंबर नसतो आणि बँक, पेपे, खोलीचा करार सगळीकडे तोच मागतात. कॉल आणि एसएमएस असलेलं सिमच घ्या.

दोकोमो, एयू, सॉफ्टबँक आणि राकुतेन या चार मुख्य कंपन्या. त्यांच्या ऑनलाइन ब्रँडचे दर कमी असतात: दोकोमोच्या 'आहामो'त ३० जीबी करासह २,९७० येनला मिळतं, राकुतेनवर ३ जीबीपर्यंत १,०७८ येन. पण पैसे भरायला बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्ड किंवा जपानी खातं लागतं. ते नसताना जीटीएन, मोबल, साकुरा मोबाईल यांसारख्या, परदेशी लोकांसाठीच असलेल्या कंपन्यांकडे जा. परदेशी कार्ड किंवा कोम्बिनीत रोख भरणं असे पर्याय तिथे मिळतात. दर थोडा जास्त असतो, पण नंबर मिळतो. खातं उघडलं की नंबर कायम ठेवून स्वस्त कंपनीत जाता येतं, आपल्या पोर्टिंगसारखंच.

मग बँक

जपानच्या परकीय चलन कायद्यानुसार आल्यापासून सहा महिने विद्यार्थी सहसा 'अनिवासी' धरला जातो. म्हणून काही बँका नाहीच म्हणतात. मलाही एका बँकेच्या काउंटरवरून नम्रपणे परत पाठवलं होतं. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. बरेच विद्यार्थी पहिलं खातं पोस्टाच्या 'युचो' बँकेत उघडतात. सहा महिने होईपर्यंत परदेशातून पैसे घेण्या-पाठवण्यावर मर्यादा असतात, हे धरूनच घरून निघताना पहिल्या काही महिन्यांची सोय करा.

तोपर्यंत सेव्हन-इलेव्हनमधल्या सेव्हन बँकेच्या एटीएमवर भारतीय डेबिट कार्ड चालतं आणि स्क्रीन इंग्रजीत येते.

व्हिसा वाढवून नवं कार्ड मिळालं की ते बँकेला लगेच दाखवा. जुन्या कार्डाची मुदत संपली की बँक खातं गोठवू शकते.

स्टेशनवर आणि दुकानात

जपान म्हणजे सगळं हायटेक असं वाटतं, पण २०२४ मध्ये तिथे रोकडविरहित व्यवहारांचा वाटा ४२.८ टक्के होता. छोट्या खानावळीत, दवाखान्यात रोख लागते. खिशात दहा हजार येन ठेवाच.

प्रवासासाठी सुइका (जेआर ईस्टचं, २००१ पासून) किंवा पास्मो कार्ड. गेटवर टेकवायचं आणि चालत राहायचं, दुकानातही तेच चालतं. आयफोनवाल्यांसाठी एक युक्ती: ॲपल पेमध्ये भारतीय कार्ड जोडता येत नाही, म्हणून सुइका थेट फोनमध्ये काढणं अडतं. अशा वेळी मशीनवर रोख देऊन प्लास्टिकचं सुइका घ्या, वॉलेटमध्ये 'कार्ड ट्रान्सफर' निवडा आणि फोन कार्डावर ठेवा. शिल्लक आणि ५०० येनची अनामत फोनमध्ये येते, प्लास्टिक निकामी होतं. पुढे कोम्बिनीत रोख देऊन फोन रिचार्ज करता येतो. मात्र पर्यटकांचं 'वेलकम सुइका' घेऊ नका. ते २८ दिवसांत संपतं आणि फोनमध्ये जातही नाही.

क्यूआरसाठी पेपे. २०१८ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्यामागे आपल्या पेटीएमचं तंत्रज्ञान होतं, त्यामुळे स्क्रीन ओळखीची वाटेल. फरक एवढाच की यूपीआयसारखे पैसे थेट बँकेतून जात नाहीत, आधी पाकिटात भरावे लागतात.

कल्याण लोकलमध्ये स्पीकरवर रील बघणाऱ्यांना एक सूचना: इथे डब्यात फोन वाजत नाही आणि कोणी बोलतही नाही. फोन सायलेंटवर टाकायला 'मॅनर मोड' असंच नाव आहे.

२८ तास आणि 'सोपे पैसे'

विद्यार्थी आठवड्याला २८ तास काम करू शकतो, कॉलेजच्या लांब सुट्टीत दिवसाला ८ तास. यात दोन बारकावे आहेत. दोन ठिकाणी काम करत असाल तर तास एकत्र मोजतात. आणि आठवडा सोमवारपासूनच मोजतात असं नाही: कुठल्याही दिवसापासून पुढचे सात दिवस मोजले तरी २८ च्या आत हवं. म्हणजे एका आठवड्याच्या शेवटी आणि पुढच्याच्या सुरुवातीला जास्त शिफ्ट घेतल्या तर मर्यादा मोडते. प्रत्येक शिफ्ट फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि नवी घेण्याआधी मागचे-पुढचे सात दिवस बघा.

हिशेबही करून ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून टोकियोचं किमान वेतन तासाला १,२२६ येन आहे. २८ तासांचे ३४,३२८ येन, चार आठवड्यांचे १,३७,३१२. खोली, जेवण, विमा, फोन यांतच ते संपतात. 'तिकडे काम करून फी भरेल' असं कोणी एजंट ठाण्यातल्या ऑफिसात बसून आईबाबांना सांगत असेल तर हे आकडे त्याच्यासमोर ठेवा.

पैसे कमी पडायला लागले की फोनवर जाहिराती दिसू लागतात: 'तुमचं जुनं खातं द्या, तीस हजार येन घ्या', 'तुमच्या नावावर सिम काढून द्या'. याला 'यामी बाइतो', काळं काम म्हणतात. खातं किंवा सिम दुसऱ्याला देणं हा गुन्हा आहे. त्या खात्यातून एखाद्या म्हातारीची फसवणूक झाली तर पोलिस पहिले तुमच्या नोंदवलेल्या पत्त्यावर येतात. अटक होते, व्हिसा जातो, आणि घरी कर्ज तसंच राहतं. परत यायचं ठरलं तर जाण्याआधी खातं आणि सिम दोन्ही स्वतः बंद करा.

भूकंपाचा अलार्म

एक दिवस वर्गातले सगळे फोन एकदम किंचाळतील. ही भूकंपाची पूर्वसूचना, धक्का पोहोचण्याआधी काही सेकंद मिळणारी. २००७ पासून ती सामान्य लोकांसाठी सुरू आहे. भारतातून नेलेल्या फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन 'इमर्जन्सी अलर्ट' चालू आहेत ना ते बघा, आणि 'सेफ्टी टिप्स' हे ॲप टाका. पोलिस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९. मोठा भूकंप झाला की लाइन जाम होतात. तेव्हा १७१ वर निरोप ठेवायची सोय असते. घरी आधीच सांगून ठेवा: बातमी दिसली की कॉल करत बसू नका, मी मेसेज टाकेन. जपानमधल्या मित्रांसाठी मात्र 'लाइन' ॲप लागेल, व्हॉट्सॲप तिथे फारसं कोणी उघडत नाही.

अडलं तर विचारा

टोकियोच्या एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई हे भारतीयांचं जुनं ठाणं. अंबरनाथला जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या असेंब्लीवर निवडून आले. टोकियो मराठी मंडळही आहे. फॉर्मवर नाव कसं लिहायचं, कुठल्या शाखेत खातं पटकन उघडतं, हे प्रश्न तिथल्या कित्येकांनी आधी सोडवलेले असतात.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. भारतात: ई-सिम, रोमिंग, रिचार्जची तारीख, ऑथेंटिकेटर, एनआरओ, कार्डाचा परदेशी वापर.
२. विमानतळ: झाइर्यू कार्ड आणि कामाची परवानगी.
३. १४ दिवसांत: पत्ता, विमा, पेन्शनचा अर्ज. टपालपेटीवर नाव.
४. काताकानात एकच नाव, सगळीकडे.
५. कॉल असलेलं सिम.
६. युचो खातं.
७. सुइका, पेपे, लाइन.
८. कॅलेंडर: २८ तास, व्हिसाची मुदत, माय नंबर कार्डाची मुदत.

पाचवं काम तिसऱ्याच्या आधी करायला गेलात तर दुकानातून हात हलवत परत याल. क्रम पाळलात तर दोन आठवड्यांनी फोन तुमच्या कामाला लागलेला असेल आणि तुम्ही अभ्यासाला.